सत्कार मागाहून करा, आधी फॉर्म भरून द्या

दर वर्षी आपल्या संस्थांचे गुणगौरव समारंभ होतात. हॉल घेतला जातो, चहा-समोशांची सोय होते, व्यासपीठावर पाहुणे बसतात आणि ज्या मुलाने डॉक्टरकी अगर इंजिनिअरिंग पुरे केले त्याला हार घालून फोटो काढला जातो. पुढे तो फोटो छापूनही येतो. त्या मुलांचे कौतुक मलाही आहे. पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. हा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि गणिताच्या कोणत्या गटात त्याला बसवायचे हे शाळा ठरवत होती, तेव्हा व्यासपीठावरच्या या मंडळींपैकी त्याच्या बाजूला कोण उभे होते? बहुतेक घरी उत्तर एकच मिळेल: त्याची आई. आणि तिलाही कोणी काही सांगितलेले नव्हते.

चार बेने इस्राएल माणसे एकत्र आली की मुलांच्या शिक्षण-नोकरीविषयी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, 'आपल्याला वशिला नाही.' इथे या वशिल्याला गमतीने 'व्हिटॅमिन पी' म्हणतात, प्रोतेक्त्सिया शब्दातला पी. दुसरी तक्रार, 'नव्या ओलिमना सरकार देते, इथिओपियाच्या मुलांना देते, आपल्याला कोणी विचारत नाही.' दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. मात्र साठ वर्षे तीच तक्रार करून एकाही नातवाची फी भरली गेलेली नाही.

आधी दुसरी तक्रार पाहू. या देशात सरकारी कागदावर 'अल्पसंख्य' म्हणजे अरब, द्रूझ वगैरे बिगर-ज्यू लोक. तेव्हा त्या रकान्यात आपण बसत नाही. नव्या ओले विद्यार्थ्याची फी मिनहाल हास्टुडंटिम भरते, पण आपली नातवंडे इथेच जन्मलेली. इथिओपियन वंशाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रमाणात जागा मिळाव्यात म्हणून २०११ साली कायदा झाला. त्यांना तो मिळाला याचा मला हेवा नाही, कारण ते गप्प बसले नाहीत. आपल्या मुलांचे काय? सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षे माणसाचे मूळ बापाच्या जन्मस्थानावरून धरले गेले. ज्याचा बाप बेर शेव्हात जन्मला त्याचे मूळ 'इस्रायल'. कागदावर आमची नातवंडे भारतीय उरत नाहीत, शाळेच्या अंगणात मात्र उरतात. आणि विनोद पाहा, मायदेशी महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा समाजाचा मोठा भाग केव्हाच इकडे येऊन स्थायिक झाला होता.

तेव्हा 'भारत' असा रकाना फॉर्मवर नाही, हे खरे. परंतु जे रकाने आहेत ते आपण कधी वाचले आहेत काय? राहण्याचे गाव कोणते, हा एक रकाना आहे. दिमोना, येरुहाम, किर्यात गात, अशा गावांसाठी अनेक मिलगोत राखून ठेवलेल्या असतात. आईबापांचे उत्पन्न किती, हा दुसरा. घरात विद्यापीठात जाणारी ही पहिलीच पिढी आहे काय, हा तिसरा. सैन्यात कोणते काम केले, हा चौथा. आपल्या कितीतरी घरांतले मूल यांपैकी दोन-तीन रकान्यांत आरामात बसते. बसत नाही ते एवढ्याचसाठी की फॉर्म घरात येत नाही, आणि आला तर मुदत टळून गेल्यावर येतो.

यातल्या काही वाटा तर जुन्या आहेत. पेराखची योजना १९७४ साली रेहोवोतच्या वाइझमान संस्थेत सुरू झाली. विद्यार्थ्याने आठवड्यातून दोनदा एका गरजू मुलाला शिकवायचे, त्याच्या सोबतीला बसायचे, आणि त्याबदली त्याच्या फीचा काही भाग सुटतो. म्हणजे या एकाच योजनेत आपल्या दहा वर्षांच्या मुलीला शिकवणारा मिळू शकतो आणि बावीस वर्षांच्या मुलाला मिलगा मिळू शकते. इसेफ ही संस्था १९७७ पासून मागास वस्त्यांतल्या हुशार मुलांना उच्च शिक्षणासाठी मदत करते. ओपन युनिव्हर्सिटीत पहिल्या पदवीला प्रवेश घेण्यासाठी बगरूतही लागत नाही आणि पसिखोमेत्रीही लागत नाही, आणि तिथे ठरावीक विषय चांगल्या गुणांनी पुरे केले तर काही शाखांत दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची सोय आहे. सैन्यातून सुटलेल्यांसाठी मेखिना आहेत. यातले काहीही गुपित नाही. तरी आपल्या घरांत यांची नावे माहीत नसतात आणि लग्नाच्या हॉलांची नावे मात्र तोंडपाठ असतात.

मी जन्मभर परिचारिकेचे काम केले, म्हणून लसीचे उदाहरण देते. टिपत हलावचे पुस्तक आपण किती जपून ठेवतो! कोणती लस कोणत्या महिन्यात, हे आजीला विचारावे, तारीख चुकायची नाही. शिक्षणाच्या वाटेवरही अशाच तारखा आहेत आणि त्या चुकल्या तर पुढे दुप्पट कष्ट पडतात.

पहिली तारीख पंधराव्या वर्षाच्या आसपास येते. गणित तीन येहीदोत, चार की पाच, हे तेव्हा ठरत जाते. तीनवर मुलगा पास होतो, घरी पेढे वाटले जातात. पण पुढे इंजिनिअरिंग अगर संगणकशास्त्राला अर्ज करताना दार अर्धे मिटलेले असते, आणि पाच येहीदोतवाल्याला विद्यापीठ वर आणखी बोनस देते. शाळेतली बाई म्हणते, 'मुलगा शांत आहे, त्याच्यावर ताण नको, तीनच बरे.' आणि आपण 'बाईंना जास्त कळते' म्हणून मान डोलावतो. दुसरी तारीख त्साव रिशोनची. सोळा-सतराव्या वर्षी होणाऱ्या त्या चाचण्यांवर सैन्यातल्या पुष्कळ जागा अवलंबून असतात आणि सैन्यातल्या जागेवर मागाहून नोकऱ्या. दुसऱ्यांची मुले त्यासाठी तयारी करून जातात. आपली मुले सकाळी उठून नुसती जातात. तिसरी तारीख सैन्य सुटल्यानंतरची. हाती पिकादोन येतो. तो शिक्षणाला वापरता येतो, धंद्याला येतो, घराला येतो आणि लग्नालाही येतो. आपल्या समाजात तो कुठे जातो हे मी लिहायला नको. एका रात्रीच्या जेवणावळीत दोन वर्षांची फी उठते, आणि पाहुणे घरी जाताना कोंबडी तिखट होती की नव्हती एवढेच बोलतात.

आता काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, 'आपण कष्टाने वर आलो. कुणापुढे हात पसरला नाही. मुलांनाही तीच शिकवण द्यावी.' हे बोलणे ऐकायला बाणेदार आहे, पण आपला इतिहास तसा नाही. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली, ती चालवण्यासाठी त्यांनी लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून मदत मिळवली. पुढे त्या शाळेला सर एली कदूरी यांचे नाव लागले, तेही आपल्या समाजाबाहेरच्या दात्याचे नाव. त्या शाळेत शिकलेल्यांची मुले-नातवंडे आज हे वाचत आहेत. डॉ. जेरुशा झिराड शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, तिथे एम. डी. झाल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली पद्मश्री झाल्या. त्यांनी 'हात पसरायचा नाही' म्हणून अर्जच केला नसता तर? शिष्यवृत्तीला दान समजणे ही आपली समजुतीची चूक आहे. तो पैसा त्याच कामासाठी बाजूला काढलेला असतो. आपण घेतला नाही तर तो आपल्या मानासाठी तिजोरीत पडून राहत नाही, दुसरा घेतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणेल, 'मुख्य रब्बीनाथाने १९६२ साली पत्रक काढून लग्नाच्या वेळी आपल्या वंशाची चौकशी लावली. त्याविरुद्ध आपण झगडलो. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमला धरणे धरून बसले, तेव्हा क्नेसेटने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. आपण वेगळे नाही हे सिद्ध करण्यासाठी एवढे केले, आता पुन्हा वेगळे म्हणून मागायचे?' या म्हणण्याचा मी आदर करते. परंतु जो फॉर्म येरुहामच्या प्रत्येक मुलासाठी खुला आहे तो आपल्या मुलाने भरला तर त्यात वेगळेपण कसले? समान हक्क मिळवायला रस्त्यावर बसायचे आणि मिळाल्यावर ते वापरायचे नाहीत, याला मी स्वाभिमान म्हणणार नाही. शिवाय त्या धरण्यातून घ्यायचा धडा आपण विसरलो. 'इंडियन लोक शांत, कष्टाळू, तक्रार न करणारे' असे प्रशस्तिपत्र आपल्याला जो तो देतो आणि आपण ते कौतुकाने घरी आणतो. शांत माणसाला रात्रपाळी देणे सोपे असते, हे कोणत्याही नर्सला विचारा. १९६४ साली आपण शांत राहिलो असतो तर आज आपल्या मुलींची लग्ने कोणत्या अटींवर झाली असती, याचा विचार करा.

आता पहिल्या तक्रारीकडे, वशिल्याकडे वळते. मी अनेक वर्षे वॉर्डात काढली. नव्या मुली कामावर घ्यायच्या असल्या की कोणाचा तरी फोन येई. जिच्यासाठी फोन येई ती मुलगी नालायक असे असे मुळीच नाही. फोनमुळे होई एवढेच की तिचा कागद ढिगाच्या वर येई. आपल्या मुलीचा कागदही तेवढाच चांगला असून तळाशी राही. आणि त्याच इमारतीत, लॅबमध्ये, एक्स-रेला, ऑफिसात, आपली चार-पाच माणसे नोकरीला असत! त्यांना विचारले तर म्हणत, 'आपण कशाला मध्ये पडा? लोक काय म्हणतील?' आज मोठ्या कंपन्यांत तर 'हावेर मेवी हावेर' अशी उघड पद्धत आहे. कामावरचा माणूस ओळखीच्याचे नाव सुचवतो, आणि तो टिकला तर कंपनी सुचवणाऱ्यालाच बक्षीस देते. विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ जागा, वकिली शिकलेल्यांची उमेदवारी, सगळ्यांत पहिला दुवा ओळखीचा असतो. लायक मुलीचे नाव योग्य टेबलावर पोचवणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वशिला नाही म्हणून रडणारा समाज आपल्याच माणसासाठी फोन उचलत नसेल, तर दोष कोणाचा?

सर्वांनी पदवीधरच व्हावे असे माझे म्हणणे नाही. हाताने काम करणाऱ्यांनीच आपली घरे उभी केली. पण आपल्या पहिल्या पिढीला ज्या कापडगिरण्यांनी पोसले त्या एकेक करून बंद पडल्या. आज ज्या मुलाला सुतारकी आवडते त्याने सुतार व्हावे, पण दुसरे दार उघडलेच नाही म्हणून होऊ नये.

म्हणून संस्थांच्या चालकांना माझे चार शब्द. एका वर्षी गुणगौरव समारंभ बंद ठेवा. त्याच हॉलमध्ये, त्याच चहा-समोशांवर, नववीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बोलवा आणि येहीदोतचा हिशेब समजावून सांगा. उन्हाळ्यात, तिश्रीचे सण येण्याच्या आधी, दोन संध्याकाळी मिलगांचे फॉर्म भरण्यासाठी ठेवा. पगाराच्या पावत्या, सैन्याचा दाखला, घराचा पत्ता, सारे घेऊन मुले येतील आणि हिब्रू चांगले लिहिणारे आपलेच तरुण त्यांच्या शेजारी बसतील. गावोगावी यादी करा: हॉस्पिटलात कोण, नगरपालिकेत कोण, बँकेत कोण, कंपनीत कोण, आणि वर्षातून एका मुलासाठी एक फोन करायला कोण तयार आहे. यासाठी देणगीदार लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरे.

आणि तुम्हा वाचकांना शेवटची विनंती. आपल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे लिहिलेले त्यांच्या हाती पडले तरी व्यर्थ. ते तुमच्याच हाती आहे. येत्या शब्बाथला सारे जेवायला जमले की विचारा: गणिताचा गट कोणता? त्साव रिशोन केव्हा? पिकादोनचे काय ठरले? मिलगाचा फॉर्म कुठे आहे? पोर वैतागेल, 'आजी, पुरे!' म्हणेल. म्हणू दे. लस टोचतानाही ते असेच रडले होते, म्हणून आपण त्याला न टोचता घरी आणले नव्हते.