बारा तास राबला, कागदावर आठ

चाकणच्या आंबेठाण चौकाजवळ चौघांत खोली घेऊन राहणारा परभणीकडचा एक पोरगा रमजानमध्ये इफ्तारनंतर माझ्याकडे आला होता. ठेकेदारामार्फत दोन वर्षं प्रेस शॉपमध्ये होता. शिफ्ट बारा तासांची, ओव्हरटाइम मात्र ‘सिंगल’. कामावरून काढल्यावर त्याने थकबाकीचा दावा दाखल केला. उलटतपासणीत त्याला विचारलं गेलं, बारा तास काम केल्याचा पुरावा काय? त्याने खिशातली डायरी पुढे केली. मग एचआरचा माणूस पिंजऱ्यात उभा राहिला आणि पंचिंग मशीनच्या पत्रकावर रोज आठ तास दाखवून गेला.

“चाचा, मशीन खोटं बोलतं का?” तो मला विचारत होता.

त्या मशीनमधल्या नोंदी दुरुस्त करायचा पासवर्ड कुणाकडे असतो, हे कोर्टात कुणी विचारलंच नव्हतं.

आधी हिशेब करू. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर दिवसाला साडेअकरा तास, सहा दिवसांचे 69. कारखाने अधिनियम 1948 नुसार आठवड्याला 48 तासांपुढे दुप्पट मजुरी होती. म्हणजे आठवड्याला 21 तास दुप्पट दराने द्यायचे होते. तिमाहीचे 13 आठवडे धरले तर 273 तास. महाराष्ट्रात तिमाहीला ओव्हरटाइमची मर्यादा होती 115 तास; सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती 144 करायला मंजुरी दिली. आता सांगा, 273 तास खरे लिहिले तर मालक स्वतःच्या हाताने गुन्हा कबूल करतो की नाही? तो आठच लिहिणार. आणि तेच पत्रक कोर्टात ‘उत्तम पुरावा’ म्हणून फिरतं.

कुणी म्हणेल, नव्या वेतन संहितेच्या कलम 59 मध्ये देणी दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. आहे, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता लागूही झाली. पण मालक म्हणतो, आठ तास काम झालं, आठ तासांचे पैसे दिले, ही पावती. भांडण तासांचं आहे, आणि तासांच्या बाबतीत कामगार पुन्हा एकटाच उरतो.

दुसरा दिलासा भारतीय साक्ष अधिनियमाचा दाखवतात. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग आता तज्ज्ञाने भरायचा आहे. चांगलं आहे. पण तो तज्ज्ञ आणतो कोण? नोंद दाखल करणारा. आणि तो सांगतो एवढंच, की ही नक्कल मूळ फाइलसारखी आहे. मूळ फाइलमध्येच आठ लिहिले असतील तर आठाची अस्सल नक्कल मिळते!

अमेरिकेत टायसन फूड्सचा खटला झाला. कारखाना डुकराच्या मांसाचा, ते असो. कामगाराचा घाम सगळीकडे सारखाच. संरक्षक कपडे चढवण्या-उतरवण्याच्या वेळेची कंपनीने नोंदच ठेवली नव्हती. कामगारांच्या बाजूच्या तज्ज्ञाने 744 चित्रित निरीक्षणं तपासून सरासरी काढली: एका विभागात 18 मिनिटं, दुसऱ्यात सव्वाएकवीस. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी कामगारांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. नोंद ठेवायची मालकाने, आणि ती नाही म्हणून मरायचं कामगाराने, हे तिथे चाललं नाही.

आपल्याकडे भाड्याचा तज्ज्ञ आणायला बारा-पंधरा हजारांच्या माणसाकडे पैसे कुठले? शिवाय जो पैसे देतो त्याचं तज्ज्ञ ऐकतो, ही शंकाही खोटी नाही. म्हणून तो कोर्टाने नेमावा. हे काही मी नवीन मागत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 11(5) मध्ये विषयाचं खास ज्ञान असलेला असेसर नेमायचा अधिकार होता, आणि कलम 33क मध्ये रक्कम मोजायला कमिशनर नेमायचा. असा माणूस गेटचं रजिस्टर, कंपनीच्या बसची वेळ, शिफ्टमागे निघालेले नग आणि मशीनमधल्या दुरुस्त्यांची नोंद समोरासमोर ठेवेल. आठ तासांच्या हजेरीत बारा तासांचे नग कसे निघाले, याचं उत्तर मग एचआरला द्यावं लागेल. हे अर्ज आमचे वकील का करत नाहीत, हा माझा त्यांना सरळ सवाल आहे.

आणि आपल्या लोकांनाही. त्या पोराचा ठेकेदार जुम्म्याला पहिल्या सफेत असतो. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, हे तोही मिंबरासमोर बसून ऐकतो आणि दर महिन्याला कोऱ्या व्हाउचरवर अंगठे घेतो. त्याला कुणी टोकत नाही, कारण तो चंदा देतो. भोसरी-चिंचवडच्या आपल्या मोहल्ल्यांत बी.कॉम. झालेली पोरं रिकामी आहेत. मस्टर आणि पगारपत्रक त्यांना वाचता येतं. महिन्यातला एक रविवार मशिदीच्या हॉलमध्ये बसून त्यांनी कामगारांचे तास मांडून दिले, तर कोणत्या ट्रस्टीची हरकत आहे, ते मला नावानिशी ऐकायचं आहे.

पोराची पुढची तारीख जवळ आली आहे. मूळ पंचिंग डेटा, बसचं लॉग आणि उत्पादनाचे आकडे मागवण्याचा आणि असेसर नेमण्याचा अर्ज आम्ही लिहिला आहे. डायरी मी त्याला परत दिली आणि सांगितलं, हिचं एक पानही फाडू नकोस, तेलाचे डाग पडलेलं तर मुळीच नको.