वेष्टनावरील मौन

अक्षरओळख नसलेला ग्राहकदेखील दुकानातील खाद्यपदार्थाचा पुडा हाती घेऊन एका गोष्टीची खात्री क्षणात करून घेऊ शकतो. आतील पदार्थ शाकाहारी आहे की नाही, हे पुढच्या बाजूवरील हिरवा ठिपका त्याला सांगतो. २००१ पासून अशी खूण कायद्याने सक्तीची झाली आणि तिच्यामुळे कोणाचा व्यापार बुडाल्याचे ऐकिवात नाही. खाण्यापिण्याच्या आचारासंबंधी ग्राहकाला स्वच्छ उत्तर मिळाले पाहिजे, हे आपण त्या वेळी मान्य केले. प्रकृतीच्या प्रश्नाला मात्र त्याच पुड्याच्या दर्शनी बाजूने गप्प राहावे, ही विसंगती फार दिवस चालली. ती आता संपविली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अन्नावर प्रक्रिया करणे हा काही अपराध नव्हे. धान्य दळणे, दूध विरजणे, पापड लाटणे, कुरडया घालणे, कैरीचे लोणचे मुरविणे या साऱ्या प्रक्रियाच होत. प्रश्न आहे तो निराळ्या जातीच्या अन्नाचा. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची वर्गवारी त्यावरील प्रक्रियेच्या स्वरूपावरून करावी, असा विचार मांडला. त्यातूनच पुढे ‘अतिप्रक्रियित’ हा वर्ग रूढ झाला. पिष्ट, तेल, साखर आणि प्रथिने मूळ पदार्थांतून वेगळी काढावयाची, त्यांना रंग, स्वाद व इतर रसायनांची जोड द्यावयाची आणि कारखान्यात एक नवाच पदार्थ घडवावयाचा, असा हा प्रकार आहे. शीतपेये, झटपट नूडल्स, मलईची बिस्किटे आणि रंगीत पाकिटांतील चटपटीत खाऊ यांची गणना बहुधा याच वर्गात होते.

अशा अन्नाने काय होते? अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० प्रौढांना चार आठवडे देखरेखीखाली ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. ताटात वाढलेली साखर, चरबी, मीठ व तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळी सारखेच राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियित अन्नावर असताना ती माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती. त्यांचे वजन दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढले आणि साध्या अन्नावर तितकेच घटले. प्रयोग लहान होता हे खरे. परंतु खाणाऱ्याच्या संयमाला सर्व दोष देऊन मोकळे होणाऱ्यांना त्याने विचार करावयास लावले आहे. आपल्या देशात तर अशा विचाराची निकड अधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार येथे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. या संकटाचे कारण एकच एक नव्हे. तथापि रोजचा आहार हे त्यातील एक प्रमुख कारण आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

पोषणाचे आकडे पुड्याच्या मागील बाजूस छापलेले असतातच, असे उत्तर उत्पादकांकडून मिळते. असतात, पण कसे? तेथे ‘सोडियम १००० मिलिग्रॅम’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ अडीच ग्रॅम मीठ असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ पुरे म्हटले आहे. म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा त्या एका पुड्यातच संपला. शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅम साखर असलेल्या पेयाची ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे सहा-सात चमचे साखर. हे त्रैराशिक दुकानाच्या फळीपाशी उभे राहून, एका हाताला मूल ओढत असताना, कोणी मांडावयाचे? त्यातच हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियमाचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या अन्नाची माहिती मराठी मातेला तिच्या भाषेत मिळू नये, यास काय म्हणावे?

शाळांच्या बाबतीत तर हे मौन कायद्यालाच पंगू करते. चरबी, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला. नियम उत्तम आहे. परंतु ‘अधिक’ कशात आहे, हे जर पुडाच ठळकपणे सांगत नसेल, तर मुख्याध्यापकाने कोणता पदार्थ अडवावा आणि टपरीवाल्याने कोणता फळीवरून काढावा?

उपाय नवा नाही. चिली देशाने २०१६ पासून अशा पदार्थांच्या दर्शनी भागावर काळी अष्टकोनी इशाराचिन्हे सक्तीची केली, शाळांतील त्यांची विक्री थांबविली आणि मुलांना भुलविणाऱ्या जाहिरातींवर बंधने घातली. पुढील दीड वर्षात इशारा लागू झालेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली आणि अनेक उत्पादकांनी पदार्थांतील साखर व मीठ आपण होऊन कमी केले. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी अर्ध्यापासून पाचांपर्यंत तारे देण्याची कल्पना मांडली. तीत साखरेमुळे गेलेले गुण तंतू, प्रथिने वा सुकामेवा घालून काही अंशी परत मिळविता येतात. गणितात नापास झालेल्या मुलास चित्रकलेच्या गुणांवर वर चढविण्यासारखेच हे झाले! पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तीन महिन्यांची मुदत घालून दिली आणि तीही वाढवून द्यावी लागली. या दिरंगाईचा लाभ कोणाला होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

इशाऱ्यामुळे आपले लोणचे-पापडही कचाट्यात सापडतील, अशी भीती दाखविली जाते. सापडू द्यावेत. पानात डावीकडे वाढलेल्या लोणच्याच्या फोडीने कोणी पोट भरत नाही आणि मिठाचे प्रमाण सांगितल्याने त्याची चवही जाणार नाही. उद्योग कोलमडेल, ही दुसरी भीती. तेला-तुपातील घातक ट्रान्स मेदाची मर्यादा २०२१ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली गेली. त्यामुळे उद्योग कोलमडला नाही, तो नव्या नियमाशी जुळवून घेऊन चालत राहिला.

गृहिणींना उपदेशाचे डोस पाजण्याची आमची इच्छा नाही. नोकरी, प्रवास आणि घर यांच्या कात्रीत सापडलेल्या स्त्रीने पाच रुपयांच्या पुड्याचा आधार घेतला, तर तिला बोल लावण्यापूर्वी घरातील पुरुषांनी स्वयंपाकघरात आपला वाटा किती, हे पाहावे. कोणी काय खावे, हे सरकारने ठरवू नये. मात्र आपण काय खात आहोत, हे प्रत्येकास कळेल अशी व्यवस्था करणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. तारे नकोत, सबबी नकोत. पुढच्या बाजूस, ठळक अक्षरांत आणि ज्या राज्यात विक्री होते त्या राज्याच्या भाषेत ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’, ‘चरबी जास्त’ एवढे तीन शब्दप्रयोग पुरेसे आहेत. ते छापावयास लावण्यासाठी लागतो तो केवळ निर्धार, आणि तो सरकारने आता दाखवावा.