हृषीकेश कीं ऋषिकेश?

मुलास कोणतें नांव ठेवावें हा सर्वस्वीं आईबापांचा अधिकार आहे, व त्यांत ढवळाढवळ करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु एका नांवाविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. तें नांव हृषीकेश. विष्णूच्या ज्या चोवीस नांवांचा संध्येंत उच्चार करितात, त्यांत हें दहावें. आमच्या आजोबांच्या काळीं तें संध्येच्या पळीजवळ नित्य ऐकूं येई, पाळण्याजवळ मात्र क्वचितच. आतां महाराष्ट्रांतील एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडावा, तों एखाददुसरा हृषीकेश हटकून भेटतो. भेटतो खरा, पण एका वेषानें नव्हे! कोणी हृषीकेश, कोणी ऋषिकेश, कोणी रुषिकेश. आणि रोमन लिपींत तर कोणी ‘एच्’नें आरंभ करितो, कोणी ‘आर्’नें, व पुढें ‘आय्’ घालावा कीं ‘यू’ याविषयीं घरोघर निराळें मत.

हृषीक म्हणजे इंद्रिय. इंद्रियांचा जो ईश तो हृषीकेश, अशी जुन्या टीकाकारांनीं केलेली फोड आहे. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायांत पांचजन्य शंख फुंकणारा तो हाच. आरंभींचा ‘ह’ गळाला कीं ‘ऋषि’ आणि ‘केश’ एवढेंच हातीं उरतें, व इंद्रियांच्या स्वामीच्या जागीं ऋषींच्या जटा येऊन बसतात! तथापि याबद्दल कोणा पित्यास हंसण्याचें कारण नाहीं. गंगेच्या कांठचें सुप्रसिद्ध तीर्थक्षेत्रहि आज ऋषिकेश असेंच लिहिलें जातें.

उच्चाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘ऋ’ हा संस्कृतांत स्वर होता. आज मराठी मनुष्य त्याचा ‘रु’ करितो, हिंदी भाषिक ‘रि’ करितो. मूळचा स्वर दोघांच्याहि नित्याच्या बोलण्यांत उरलेला नाहीं. शिवाय ‘ह’ आणि ‘र’ एकत्र आले कीं ‘र’ आधीं म्हणण्याची मराठी जिभेस खोडच आहे. म्हणूनच संस्कृत ह्रास आपल्याकडे ऱ्हास झाला. असें असतां, ‘शुद्ध उच्चार तो आमचाच’ असा आग्रह पुणेकरानें धरावा तरी कोणत्या आधारावर, आणि दिल्लीकरानें तरी कोणत्या? मराठी बायबलांतील योहान इंग्रजींत जॉन होतो, पोर्तुगिजांत जुआंव होतो. त्यांपैकीं एकालाहि आपण अशुद्ध म्हणत नाहीं.

आम्हांस चिंता वाटते ती त्या मुलाची. घरीं त्यास एका रीतीनें हांक मारतात, वर्गांत दुसऱ्या रीतीनें, आणि कागदोपत्रीं तिसरेंच कांहीं असतें. एखादे गुरुजी भर वर्गांत त्याच्या नांवाची फोड करून ‘तुझें नांवच चुकलें आहे’ असें सांगतात, व मुलें हंसतात. व्युत्पत्ति अवश्य शिकवावी. पण ती फळ्यावर शिकवावी, मुलाच्या तोंडावर नव्हे. नव्या मुलास पहिल्याच दिवशीं ‘तुला घरीं कसें हांक मारतात?’ असें विचारावें आणि तसेंच म्हणावें. तो उच्चार आईचा आहे. त्यांत दुरुस्ती करण्यासारखें कांहीं नाहीं.

लेखनाची गोष्ट मात्र अगदीं निराळी. तेथें सैलपणा आम्हांस मान्य नाहीं. वर्णानुक्रमानें यादी लावून पाहा: ऋषिकेश स्वरांत, अगदीं वरच्या मुलांत, रुषिकेश खालीं रमेशच्या शेजारीं, आणि हृषीकेश पार तळाशीं. यादींत मौज वाटते, पण जन्मदाखल्यावर एक व शाळेच्या दाखल्यावर दुसरें असें झालें, तर पुढें पारपत्राच्या वेळीं प्रतिज्ञापत्रें करावीं लागतात, प्रसंगीं शासनाच्या राजपत्रांत नांव प्रसिद्ध करावें लागतें. चार अक्षरांपायीं केवढा हा खटाटोप!

बरें, घाई तरी कोठें आहे? जन्माची नोंद नांवावांचूनहि होते. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याखालील नियमांप्रमाणें बारा महिन्यांच्या आंत नांव भरल्यास शुल्क पडत नाहीं, आणि त्यानंतर विलंबशुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत तें भरतां येतें. तेव्हां ज्या घरीं पाळणा हलूं लागला आहे, तेथें निवडलेलें नांव दोन्ही लिपींत एका कागदावर लिहावें, आणि आजीला अंगणांतून तें मोठ्यानें दोनदां पुकारावयास सांगावें. तिच्या तोंडीं जें बसेल त्याच्याशीं जुळणारें लेखन ठरवूनच मग कचेरीची पायरी चढावी.