संगणकाची मेमरी : घ्यावी किती, पळवावी किती?

मैत्रिणींनो, घरात बारावीचं किंवा इंजिनियरिंगचं मूल असलं की एक हट्ट हमखास ऐकू येतो. "आई, आपल्या पीसीची रॅम वाढवायचीय." पैशांचं नाव काढलं की लगेच दुसरा हट्ट सुरू, "मग निदान आहे ती ओव्हरक्लॉक तरी करू दे!" पहिल्याला पैसे पडतात आणि दुसरा फुकटातला वाटतो. त्यामुळे पुष्कळ घरांतून दुसऱ्याला चटकन होकार मिळतो. तो द्यावा का, आणि द्यायचा तर कोणत्या अटीवर, हे आपल्याला कळायला नको का? म्हणून आजचं सदर या विषयाला दिलं आहे.

विषय रूक्ष दिसतो म्हणून पान उलटू नका हं! आपल्या सोलापुरात घरच्या संगणकावर मुलांच्या अभ्यासाखेरीज पुष्कळ काही असतं. कुणाकडे टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब, कुणाकडे चादरीची जकार्डची डिझाइनं, कुणाच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो. मेमरीत गडबड झाली तर या सगळ्याला धक्का पोचतो.

कोठी आणि ओटा

हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही संगणकाची कोठी. फायली तिथे कायमच्या राहतात. रॅम म्हणजे ओटा. जे काम चालू असेल तेवढंच सामान कोठीतून काढून ओट्यावर मांडायचं. ओटा लहान असला की दर मिनिटाला कोठीकडे पळावं लागतं, आणि आपण म्हणतो, "संगणक हँग झाला!"

या रॅमच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म घागरी असतात असं समजा. भरलेली घागर म्हणजे १ आणि रिकामी म्हणजे ०. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं आणि आजची रॅमही त्याच तत्त्वावर चालते. गंमत अशी, की या घागरी गळक्या असतात. डीडीआर४ जातीच्या रॅममध्ये प्रत्येक घागर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावी लागते. उष्णता वाढली की गळतीही वाढते. चिप ८५ अंशांपुढे तापली तर भरण्याचं काम दुप्पट वेळा करावं लागतं. ही गळती लक्षात ठेवा. उन्हाळ्याच्या गोष्टीशी तिचा संबंध पुढे येणार आहे.

आधी गरज पाहा

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक तपासणी करा. रोजचं सगळं काम नेहमीसारखं उघडून ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि त्याखाली 'मेमरी' असं निवडा. निम्मी मेमरी रिकामी दिसत असेल तर नवी घेऊन काडीचाही फरक पडणार नाही. ८०-८५ टक्क्यांच्या वर सतत भरलेली दिसली तर मात्र मुलाचं म्हणणं खरं आहे.

नुसतं टायपिंग, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग असतील तर ८ जीबीत कसंबसं भागतं. सर्वसाधारण घराला १६ जीबी पुरते. व्हिडिओ जोडणं, मोठी डिझाइनं किंवा थ्रीडीचं काम असेल तरच ३२ जीबीचा विचार करा. संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करावा. तेवढ्यानंच पुष्कळशी तक्रार मिटते.

जात ओळखून जोडी घ्यावी

रॅमच्या पट्टीला बाजारात 'स्टिक' म्हणतात. तिच्या तीन जाती सध्या घरोघरी आढळतात : डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५. तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर करून बसवू जाल तर स्लॉट मोडेल. लॅपटॉपची स्टिक आखूड असते, तीही इथे चालत नाही. तेव्हा मदरबोर्डाचं नाव आणि नंबर कागदावर लिहून न्यावा. त्याहून बरं म्हणजे जुन्या स्टिकच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा.

१६ जीबी हवी असेल तर एकच १६ ची घेण्यापेक्षा ८-८ ची जोडी घ्यावी, तीही एकाच पाकिटातली. एका नळानं हंडा भरायला लागणारा वेळ आणि दोन नळांनी लागणारा वेळ, यात फरक पडतोच ना? दोन स्टिक असल्या की संगणक दोन्ही वाटांनी मजकूर ओढतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकात तर चित्रं दाखवण्याचं कामही याच रॅममधून होत असतं, म्हणून तिथे जोडीचा फायदा जास्तच जाणवतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत बहुधा दुसऱ्या आणि चौथ्यात जोडी बसवायची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं, ते पाहावं.

लेबलावरचे आकडे

लेबलावर '३२००' आणि 'सीएल१६' असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा वेगाचा, तो जितका मोठा तितका चांगला. दुसरा आकडा थांबण्याचा, तो जितका लहान तितका चांगला. दोन्ही एकत्र पाहावे लागतात आणि दुकानात नेमकी तिथेच आपली फसगत होते. त्यासाठी एक सोपा हिशेब देते : सीएलच्या आकड्याला २००० नं गुणा आणि वेगाच्या आकड्यानं भागा. उत्तर नॅनोसेकंदांत येतं.

३२०० आणि सीएल१६ : १० नॅनोसेकंद.
३६०० आणि सीएल१८ : १० नॅनोसेकंद.
डीडीआर५ची ६००० आणि सीएल३० : पुन्हा १० नॅनोसेकंद!
डीडीआर५ची ४८०० आणि सीएल४० : सुमारे १६.७ नॅनोसेकंद.

मोठ्या आकड्याच्या रॅममधून एका वेळी मजकूर जास्त वाहतो हे खरं, पण पहिला थेंब यायला लागणारा वेळ बहुधा तोच राहतो. तेव्हा ३२०० च्या जागी ३६०० घ्यायला दुकानदार बरीच जास्त रक्कम सांगत असेल, तर हा हिशेब आठवावा.

आणखी एक. इंटेलच्या एच६१० चिपसेटसारख्या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरच्या ठरलेल्या मर्यादेपुढे मेमरी पळवताच येत नाही. अशा बोर्डावर महागडी वेगवान स्टिक म्हणजे गल्लीत शर्यतीचा घोडा बांधण्यासारखं!

किमतींचं म्हणाल तर २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्यानं चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी अफाट लागते आणि जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. मायक्रॉननं तर घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणून खरेदीपूर्वी तीन ठिकाणचे भाव घ्यावेत. गावातल्या दुकानात विचारा, कुणी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणार असेल तर तपकीर गल्लीतला भाव मागवा, मुंबईच्या नातलगांकडून लॅमिंग्टन रोडचा कळवून घ्या. पक्कं बिल मात्र सोडू नका, कारण वॉरंटी त्याच्यावरच मिळते. जुनी स्टिक घेणार असाल तर पुढे सांगितलेली परीक्षा झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता ओव्हरक्लॉकिंग

भाव चढले म्हणूनच आहे त्या रॅमला जास्त पळवण्याचा मोह वाढतो. याच्या दोन पायऱ्या आहेत. त्या वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली पायरी साधी. ३२०० लिहिलेली स्टिक आणली तरी पुष्कळदा ती संगणकात २१३३ किंवा २६६६ नंच चालत असते. बायॉसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' नावाची सोय चालू केली की ती लेबलावरच्या वेगानं चालू लागते. एएमडीच्या नव्या बोर्डांवर हिलाच 'एक्स्पो' म्हणतात. जिचे पैसे आपण मोजले तो वेग पदरात पाडून घ्यायला हरकत नाही. फक्त एवढं जाणून असा, की ठरलेल्या वेगापुढे मेमरी चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, असं इंटेल आणि एएमडी दोघंही मानतात. प्रोसेसरच्या वॉरंटीच्या अटी तेवढ्या वाचून घ्याव्यात.

दुसरी पायरी म्हणजे लेबलाच्याही पुढे जाणं. वेग हातानं वाढवायचा, थांबण्याचे आकडे कमी करायचे, त्यासाठी व्होल्टेज चढवायचं. डीडीआर४चं मूळ व्होल्टेज १.२. एक्सएमपीत ते बहुधा १.३५ होतं. त्याच्याही पुढे जाण्याचा हट्ट घरच्या संगणकावर करू देऊ नये, असं मला वाटतं. इतक्या खटपटीनं काही खेळ थोडे जास्त सुरळीत चालतील. टायपिंग, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांना काही म्हणता काही फरक पडत नाही.

धोका कशाचा?

संगणक जळेल ही आपली भीती फारशी खरी नाही. पळवणं झेपलं नाही तर बहुधा तो सुरूच होत नाही, किंवा मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडतो. ते बरं, निदान आपल्याला कळतं तरी. खरा धोका आहे तो न कळणाऱ्या चुकीचा. गळक्या घागरीला पुरेसा वेळ न मिळाल्यानं एखाद्या १ चा ० होतो, संगणक छान चालूच राहतो, आणि ती चूक फायलीबरोबर कोठीत जाऊन कायमची बसते. सहा महिन्यांनी फोटो उघडायला जावं तर अर्धा करडा!

जुन्या जकार्डाची भोकं पाडलेली कार्डं आपल्या गावाला माहीत आहेत. तीही एक मेमरीच. फ्रान्समध्ये १८०४ साली निघालेली ही युक्ती आपल्या चादरींवर फुलं आणि मोर उमटवत आली. एका कार्डावरचं एक भोक चुकलं तर माग थांबत नाही, पण निघणाऱ्या प्रत्येक चादरीत तोच धागा चुकलेला येतो.

एका बिटानं काय होतं, असं कुणी म्हणेल. २००३ सालच्या बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मोजली गेली. शक्य होती त्याहून मतं जास्त भरली म्हणून चूक उघडकीस आली. प्रोग्रामात दोष सापडला नाही. मेमरीतला एकच बिट आपोआप उलटला असावा, असं अनुमान निघालं, कारण २ ला २ नं गुणत गेलं की बाराव्या पायरीवर बरोबर ४०९६ येतात. तिथे ओव्हरक्लॉकिंगचा काही संबंध नव्हता. आपण तर आपल्या हातानं अशा चुकीला आमंत्रण देत असतो.

परीक्षा आणि अटी

म्हणून मुलाला सरळ 'नाही' म्हणू नका. करू दे त्याला, शिकेल! पण या अटींवर :

१. आधी घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची. ती डिस्क काढून कपाटात ठेवायची.

२. एका वेळी एकच बदल करायचा आणि आधीचा आकडा वहीत लिहून ठेवायचा.

३. प्रत्येक बदलानंतर 'मेमटेस्ट८६' हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवायचा. त्याच्या चार फेऱ्या होतात. रात्री लावून ठेवला की काम होतं. एकही चूक दिसली तर नापास! इथे पस्तीस टक्क्यांना पास नाही.

४. ही परीक्षा उन्हाळ्यात पुन्हा द्यायची. जानेवारीत, गड्ड्याच्या थंडीत पास झालेली रॅम मे महिन्याच्या दुपारी, पारा बेचाळिशीत असताना आणि खोली तापलेली असताना नापास होऊ शकते. मगाशी सांगितलेल्या गळक्या घागरी आठवतात ना? ही दुसरी परीक्षा दुपारीच घ्यावी. नापास झाली तर एक्सएमपी बंद करून मूळ वेगावर यावं. त्यात कमीपणा काही नाही.

जाता जाता

स्टिक बसवण्यापूर्वी प्लग काढावा आणि डब्याच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. खाच जुळवून दोन्ही टोकं सारखी दाबावीत. 'कट्' असा आवाज आला की बसली. चालू असलेला संगणक एकाएकी सुरू होईना तर स्टिक काढून तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरानं हलक्या हातानं पुसाव्या, चुरा झटकावा आणि पुन्हा बसवावी.

आकडे बदलल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. डीडीआर५ला पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं लागू शकतात. तरीही आला नाही, तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवावा. सगळे आकडे मूळ पदावर येतात.

आणि डब्यातली धूळ महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं काढा. आपल्या उन्हाळ्यात संगणकाला त्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

पुढच्या अंकात दिवे गेल्यावर उपयोगी पडणाऱ्या यूपीएसविषयी. तोवर आपल्या टास्क मॅनेजरमधला तो टक्क्यांचा आकडा पाहून ठेवा आणि जरूर कळवा.