गाडी उन्हाने तापत नाही

वऱ्हाडात उन्हाळ्यात काहीही बिघडलं की आरोपी एकच. ऊन! पंख्याची मोटर जळाली, ऊन. माणूस उगाच चिडला, ऊन. बडनेऱ्याच्या पुढे बॉनेट उघडी टाकून एखादी गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली, तर आपण चौकशीसुद्धा करत नाही. 'तापली असंन' म्हणतो आणि पुढे निघतो.

मला हे पटत नाही. ऊन आहेच, नाही कोण म्हणतं? मे २०२० मध्ये अकोल्यात पारा ४७ च्या वर गेला होता. पण जरा हिशोब करून बघा. चालू इंजिनातलं पाणी एरवीही ९० अंशांच्या आसपासच असतं, गाडी महाबळेश्वरला का असेना. ती उष्णता रेडिएटर हवेत सोडतो, आणि किती सोडणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ३० असेल तर फरक ६० चा, ४७ असेल तर ४३ चा. म्हणजे रेडिएटरची ताकद पाव हिश्श्याहून थोडी जास्त कमी झाली. एवढी कमी होणार हे धरूनच बनवणारे रेडिएटर मोठा ठेवतात. ती शिल्लक आधीच कोणी खाऊन बसलं असेल, तरच मे महिन्यात गाडी उकळते. जानेवारीत झाकलेला दोष ऊन उघडा पाडतं, इतकंच.

मग शिल्लक खातं कोण? आपल्या भागात माझा पहिला संशय पाण्यावर आहे. अमरावतीहून अकोल्याला जाताना आपण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ओलांडतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या लोकांना हे पाणी वेगळं सांगायला नको. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. पण रेडिएटरमध्ये मात्र आपण बोअरची बाटली बिनदिक्कत उपडी करतो! पाण्याची वाफ उडून जाते, क्षार आतच राहतात. पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. बारीक नळ्यांमध्ये थर बसतो, आणि थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. शिवाय खारं पाणी अॅल्युमिनियम खातं ते वेगळंच.

मूर्तिजापूरची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक दिवसांनी धुवावाच लागायचा, कारण पाण्याचा थर काय करतो हे रेल्वेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण ते विसरलो. खरं तर कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचा खर्च एका मोठ्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या रामबाण इलाजाची. गाडी तापते म्हणून गॅरेजमध्ये नेली की उत्तर तयार असतं, "काय काम हाय भाऊ आपल्या इकडं थर्मोस्टॅटचं? काढून टाकतो अन् फॅन डायरेक्ट करून देतो. टेन्शनच नाई!" आणि गंमत म्हणजे काटा खाली येतोही. पण नळ्या तुंबलेल्याच असतात. इंजिन हिवाळ्यात वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, झिजतं. काही गाड्यांमध्ये थर्मोस्टॅट पाण्याचा आडमार्गही बंद करत असतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्तच तापते! ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार.

खरं निदान अवघड नाही. गाडी कधी तापते ते आधी बघा. इर्विन चौकातल्या गर्दीत तापते आणि हायवेला लागताच निवते? मग फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर बघा. उलट मोकळ्या रस्त्यावर तापते? तिथे वारा भरपूर असतो, म्हणजे रेडिएटर तुंबलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पाण्याचा पंप थकलाय. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. खड्ड्यांतून चाळीसने जाताना लपून राहणारा दोष आता शंभरच्या वेगात लपत नाही. पाणी कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ झालंय, तर मात्र हेड गॅस्केट. आणि सगळ्यात आधी रेडिएटर कॅपचं रबर बघा. कॅप दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभरला उकळत नाही. ही सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणूनच कोणी बघत नाही.

काटा वर गेलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सावली बघून थांबा. कॅपला किमान अर्धा तास हात नको. उकळत्या पाण्याचा फवारा सरळ तोंडावर येतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

ज्याच्या दारात दुसरी गाडी आहे त्याचं ठीक आहे हो. पण काळी-पिवळी चालवणाऱ्याचं हेड ऐन लग्नसराईत गेलं, तर त्याचा अख्खा सीझन जातो, आणि हप्ता काही थांबत नाही. त्याला "ऊन लई हाय भाऊ" हे उत्तर देणं मला अन्यायाचं वाटतं.

गॅरेजमधून गाडी घेताना आपण "झाली का?" एवढंच विचारतो. त्याच्या जोडीला "कशामुळे तापली होती?" हेही विचारत जा. नीट सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला चार पैसे जास्त द्या, आणि त्याला सोडू नका.