विश्लेषण : कपॅसिटर उपकेंद्रात हवा की विहिरीवर?

हळदीला पाणी देण्याची वेळ आणि व्होल्टेज पडण्याची वेळ बहुधा एकच असते. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरसारख्या हळदीच्या पट्ट्यात रब्बी सुरू झाली की हळद, गहू, हरभरा या सगळ्यांचे पंप एकाच पाळीत चालतात. वाहिनीच्या टोकावरची मोटार नुसती गुरगुरते, जास्त प्रवाह ओढते आणि शेवटी डीपी जळते. ‘पंपाला कपॅसिटर बसवा’ हे महावितरणचे आवाहन त्यासाठीच असते. आवाहन चुकीचे नाही, पण त्यात सगळा भार शेतकऱ्यावर टाकलेला आहे.

कपॅसिटर करतो काय?

मोटार तारेतून दोन प्रकारचा प्रवाह घेते. एक पाणी उपसतो. दुसरा मोटारीत चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि तारेतून नुसता ये-जा करीत राहतो. हा दुसरा प्रवाह कपॅसिटर जागेवरच पुरवतो. पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९५ वर गेला तर तारेतील प्रवाह सुमारे २१ टक्के कमी होतो. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते जवळपास ३८ टक्क्यांनी घटते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो.

जागेने काय फरक पडतो?

खरी मेख इथे आहे. कपॅसिटरमुळे हलकी होते ती त्याच्या मागची, म्हणजे वीज येते त्या बाजूची यंत्रणा. ३३/११ केव्ही उपकेंद्रात बँक बसवली तर ३३ केव्हीची वाहिनी आणि उपकेंद्रातील रोहित्र सुटकेचा श्वास घेतात. शिवाराकडे जाणाऱ्या ११ केव्ही वाहिनीतले नुकसान मात्र जवळपास तसेच राहते. भार वाहिनीभर सारखा पसरलेला असेल, तर गरजेच्या दोन तृतीयांश क्षमतेची बँक उपकेंद्रापासून दोन तृतीयांश अंतरावर बसवावी, असा अभियांत्रिकीतला जुना नियम आहे. त्या हिशेबाने निरुपयोगी प्रवाहामुळे होणारे नुकसान ८९ टक्क्यांनी घटते. पण विहिरी असा नियम पाळत नाहीत. त्या ओढ्याकाठी दाट आणि माळावर विरळ असतात. त्यामुळे प्रत्येक डीपीवरचा भार मोजल्याशिवाय जागा ठरत नाही.

विजेच्या दृष्टीने सर्वांत उत्तम जागा मोटारीजवळचीच. तिथे लघुदाब तार, डीपी आणि ११ केव्ही वाहिनी तिन्ही हलक्या होतात. स्टार्टरनंतर जोडलेला कपॅसिटर मोटारीबरोबरच चालू-बंदही होतो.

मग तो बसत का नाही?

उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येते. पॉवर फॅक्टर घसरला की त्यांच्या खिशाला लगेच कळते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाचे बिल मात्र एप्रिल २०२४ पासून राज्य सरकार भरते. एकट्याने कपॅसिटर बसवून टोकाचे व्होल्टेज फारसे सुधारतही नाही. शिवाय तो निकामी झाला तरी मोटार चालूच राहते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून हे काम महावितरणनेच स्वखर्चाने करायला हवे. वाहिनीच्या टोकाकडच्या डीपींपासून सुरुवात करून लघुदाब बाजूला कपॅसिटर बसवावेत आणि रब्बीपूर्वी लाइनमनने टाँग टेस्टरने ते तपासावेत. ऑटोस्विचमुळे वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, त्यावर मात्र कपॅसिटर हा इलाज नाही.

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मुळेही हा प्रश्न मिटणार नाही. उपकेंद्राजवळचा सौर प्रकल्प पाणी उपसणारी वीज देईल. चुंबकीय क्षेत्रासाठीचा प्रवाह तेव्हाही त्याच ११ केव्ही तारेतून विहिरीपर्यंत जाणार आहे.