दोघांनी सायकलवर निघा, आपल्याच जिल्ह्यात

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, एक साधा प्रश्न विचारते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल घेऊन आपल्या शाळेत किती मुली येतात? हे उत्तर ऑफिसातल्या यादीत सापडेल. आता दुसरा प्रश्न. त्यातल्या किती मुलींनी आपल्या आईला सायकल चालवताना पाहिलंय? याची यादी कुठल्याच शाळेत नसते, आणि केली तर बहुतेक कोरीच राहील.

बारावी झाली की मुलीची सायकल गोठ्यात उभी राहते. भाऊ नेतो, नाहीतर गंजते. कारण घरात सगळ्यांना माहीत असतं की सायकल म्हणजे शाळेपुरती गोष्ट, आणि बाईमाणसानं तर ती मुळीच हौस म्हणून चालवायची नसते. हे भाषण देऊन बदलणार नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की यंदा हिवाळ्यात नवरा-बायको दोघांनी दोन सायकली काढा आणि दोन दिवस आपला हिंगोली जिल्हा फिरून या. शिक्षक दांपत्य असाल तर नक्कीच.

कल्पना काही नवी नाही. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपं १८९७ मध्ये सायकली घेऊन लंकेत उतरलं आणि तिथून भारतात आलं. देवळं, लेणी बघत, डाक बंगल्यात मुक्काम करत त्यांनी हा देश उभा-आडवा पालथा घातला. १९०४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे, म्हणजे सुमारे साडेबावीस हजार किलोमीटर. ना आजच्यासारखे रस्ते, ना गिअर. फॅनीबाई तेव्हा चाळिशीला आल्या होत्या, आणि चालवत होत्या लांब झगा घालून! पैसेवाली माणसं होती हे खरं, पण पैसा काही पॅडल मारत नाही.

आम्ही दोघं मागच्या डिसेंबरात हिंगोलीहून औंढा नागनाथ करून सिद्धेश्वर धरणापर्यंत गेलो. भूगोल पोटऱ्यांना कळतो, हे मी तिथं शिकले. हिंगोलीजवळची कयाधू पैनगंगेला मिळते. सिद्धेश्वर धरण आहे पूर्णेवर, आणि पूर्णा थेट गोदावरीला जाते. मध्ये जो चढ लागतो तोच जलविभाजक! फळ्यावर ही व्याख्या मी किती वर्षं लिहीत आले, पण एसटीत बसून तो चढ कधी जाणवला नव्हता. सायकलवर दम लागतो, उतरावं लागतं, आणि मग मागं वळून बघितलं की अलीकडचं पाणी कुठं जाणार आणि पलीकडचं कुठं, ते डोळ्यांना दिसतं. दोन्ही पाणी शेवटी गोदावरीतच, एक लांबच्या वाटेनं आणि एक जवळच्या. हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात पहिल्यांदाच नकाशा मागून घेतला गेला.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा मंजूर झाली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला संमती दिली. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. चार किलोमीटर म्हणजे किती? मुलं म्हणतात, "गाडीवर पाच मिनिटं." सायकलवर पंधरा-वीस मिनिटं पाय मारले की मग कळतं, एवढ्या लांब नळीत प्रोटॉनपेक्षाही बारीक हालचाल मोजायची म्हणजे काय काम आहे ते.

आता लोकांचं. वाटेत तिघांनी थांबवून विचारलं, "मॅडम, गाडी कुठं बंद पडली?" एका आजीबाईनं तर ह्यांनाच दटावलं, "बाईला कशाला तानवता?" पण त्याच आजीनं ओसरीवर बसवून चहा पाजला, आणि तिची नातसून माझी सायकल अंगणात दोन फेऱ्या फिरवून आली. सासूसमोर. मला त्या दोन फेऱ्या सगळ्या प्रवासापेक्षा मोठ्या वाटतात.

मुक्कामाचं अवघड नाही. रानात एकट्यानं तंबू ठोकू नका. गावात आधी विचारा. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण किंवा देवळाचा सभामंडप, शिक्षक म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. पहाटे निघा, उन्हाच्या आत टेकून घ्या. नांदेड-अकोला महामार्ग टाळा, आतले रस्ते धरा. आणि वसमतकडं जाणार असाल तर अंधारात मुळीच नको, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाल पट्टी असेलच असं नाही. पंक्चरचं सामान, पंप, पाण्याच्या दोन बाटल्या, एक सतरंजी. महागडी सायकल लागत नाही.

काही पालक म्हणतील, सहल म्हणजे कोकण, महाबळेश्वर. जरूर न्या. पण ज्या मुलीनं नर्सी नामदेव पाहिलेलं नाही, तिथला मानला जाणारा संत पायी पंजाबात घुमानपर्यंत गेला हे जिला नकाशावर दाखवता येत नाही, तिला आधी वीस किलोमीटरवरचं दाखवू या की. आणि सायकल सहलीला मुली पाठवायला आईबाप कचरतात, तिथं मास्तरांसोबत बाईही सायकलवर आहेत म्हटलं की निम्मी शंका तिथंच मिटते. आमच्या शाळेत यंदा सात मुलींच्या घरून होकार आला आहे, त्यातल्या दोघींच्या आईंनी स्वतः येऊ का म्हणून विचारलंय.

हळदीचं शिवार हिरवं बघायचं असेल तर जानेवारीच्या आत निघा. शिजवणी, वाळवणी बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्च, पण मग ऊन सोसायची तयारी ठेवा.